रोज तीच तारीख

दुकानातला जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी रडले नाही, भांडले. रडायला घरी वेळ मिळतो. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असतं.

आमचं दुकान रंगांचं. पुढे काउंटर, मागे एक खोली आणि तिथे रंग कालवायचं टेबल. टेबल अशा खिडकीशी आहे की ऊन कधी थेट आत येत नाही. ती जागा ह्यांनी शोधली होती. एक अख्खा दिवस हे खुर्ची उचलून खोलीभर फिरत होते, कुठे बसलं की पांढरा पांढराच दिसतो ते बघत. माझं नवीन लग्न झालेलं. मनात आलं, कुठे येऊन पडले मी! पण पुढे त्या टेबलाशी माझंच आयुष्य गेलं. हे गिऱ्हाईक सांभाळायचे, मी रंग कालवायची. कुणी भिंतीचा पोपडा आणायचं, कुणी सोफ्याच्या कापडाचा तुकडा. एकीने नवऱ्याचा शर्ट आणला होता आणि नवरा बाहेर गाडीत बनियनवर बसून होता. जे समोर येईल त्याच्याशी जुळणारा रंग मी करून द्यायची.

आणि केलेला रंग प्रोग्राममध्ये टाकायची. तो प्रोग्राम ह्यांच्या एका मित्राने खास आमच्यासाठी लिहिला होता. काळी पाटी, पांढरी अक्षरं, माउसला काही काम नाही. बिलं, माल, सगळं त्यातच होतं, पण त्याचा जीव होता शेडच्या पानात. आम्ही शेड नंबराने ठेवत नव्हतो, गिऱ्हाइकावरून ठेवायचो. ‘वकिलांचा जिना’. ‘दातांच्या डॉक्टरांची बाहेरची खोली’. ‘भांडकुदळ बहिणी’, म्हणजे एकीला निळा हवा होता नि दुसरीला हिरवा. मी मधला काढून दिला आणि दोघी सारख्याच नाराज होऊन गेल्या. नाव टाकलं की खाली सगळं यायचं, बेस कुठला, पिवळा किती, काळ्याचे थेंब किती. वर्षांनी कुणी यायचं, “काकू, बेडरूमला ओल आली होती, तेवढ्यापुरता तोच रंग द्या ना.” मी दोन बटणं दाबायची आणि डबा काढून द्यायची. मोठ्या दुकानांत हे कुणी करत नव्हतं.

हे गेले आणि दुकान लेकीने नि जावयांनी घेतलं. घेतलं म्हणजे मीच दिलं. दोघं कष्टाळू आहेत, त्यात खोट काढायला जागा नाही. जावयांनी रंग मिसळायचं यंत्र आणलं. शेडकार्डातला कोड दाबला की डबा तयार. कार्डात नसलेलं काही आलं की ते माझ्याकडे. तेवढं तरी यायचं.

तर कॉम्प्युटर बंद पडला.

“आई, आता नवीन सॉफ्टवेअर घेऊ या,” लेक म्हणाली. “सगळे तेच वापरतात.”

“त्यात भांडकुदळ बहिणी आहेत?”

“आई!”

“आहेत की नाहीत तेवढं सांग.”

जावई मध्ये पडले. “आई, त्यात कोड असतात. नावं टाकता येतील, पण जुनं सगळं परत हाताने भरावं लागेल.”

“मग भरा.”

“अहो, इतक्या वर्षांचं आहे ते. कोण भरणार?”

“मग जुनंच चालू करून घ्या. नाहीतर मी उद्यापासून येत नाही. घरी मटार सोलत बसते.”

लेकीने कपाळावर हात मारला आणि कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

हा कॉम्प्युटरवाला सदा घाईत, पण बोलायला गोड. त्याने जुनं धूड उघडलं, आत फुंकर मारली आणि म्हणाला, “डिस्क शाबूत आहे काकू, बाकी सगळं संपलंय. पण तुमचा प्रोग्राम जावयांनी आणलेल्या ह्या नव्या लॅपटॉपवर नाही चालायचा. लॅपटॉपला तो ओळखतच नाही.”

“मग करायचं काय?”

“लॅपटॉपच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवायचा. खोटाखोटा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्या जुन्याच घरात आहोत.”

“म्हणजे फसवायचं त्याला.”

“फसवायचंच. पण प्रेमाने.”

मला त्याचं बोलणं आवडलं. तो सकाळभर बसला. लॅपटॉपमधली थोडी जागा ह्या पोटातल्या कॉम्प्युटरला तोडून दिली, त्यात जुनं विंडोज घातलं, आमच्या डिस्कवरचं सगळं आत नेलं. मी शेजारी स्टूल टाकून बघत होते. मधेच एक गृहस्थ दाराचा ढलपा घेऊन आले, म्हणून मी पुढे गेले. मागून त्या तिघांचं हळू आवाजात बोलणं ऐकू येत होतं. मला वाटलं, त्याच्या पैशांचं चाललं असेल. परत आले तर लॅपटॉपवर एक चौकट होती आणि चौकटीत आमची काळी पाटी. मी वकिलांचा जिना टाकला. आला! माझे डोळे भरून आले, आणि मी त्या कॉम्प्युटरवाल्याच्या पाठीवरून हात फिरवला.

कोपऱ्यातली तारीख मात्र सहा वर्षांपूर्वीची होती.

“हे काय?” मी विचारलं.

“ते तसंच राहणार,” जावई म्हणाले. “तुम्ही तिकडे लक्ष नका देऊ.”

मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. त्या वर्षी हे होते. त्या तारखेच्या आदल्या दिवशीची बिलं उघडली की खाली ह्यांच्या नावाची आद्याक्षरं दिसायची. बाहेर यंत्र घरघर करत असायचं आणि मी आत त्या वर्षात बसलेली असायची. लेक सकाळी मला ती पाटी उघडून द्यायची आणि संध्याकाळी स्वतः बंद करायची. “तू हात नको लावूस आई, ह्याची बंद करायची पद्धत वेगळी आहे,” म्हणायची.

थोड्या दिवसांनी एक बाई आल्या. त्यांना बैठकीच्या खोलीसाठी मातकट गुलाबी हवा होता, कार्डातला एकही पसंत पडेना. बाई इतक्या घाईत की बसायलाही तयार नाहीत. मी उभ्याउभ्या नमुना काढून दिला, तो त्यांना पटला, मी डबे कालवले आणि ‘घाईच्या बाई’ म्हणून नोंद केली. पंधरवड्याने त्यांचा रंगारी आला, एक डबा कमी पडला म्हणून. मी नाव टाकलं. पाटी म्हणाली, असं कुणी नाही.

मी नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून पाहिलं. नाहीच. मग डोक्यात होतं तेवढ्यावर रंग कालवला. हातात घेऊन पाहिला तर तोच वाटला. भिंतीवर मात्र दुपारी फरक दिसायला लागला. काळा जरा जास्त पडला होता. बाई दुकानात येऊन नाही नाही ते बोलून गेल्या आणि लेकीला त्यांची भिंत पुन्हा रंगवून द्यावी लागली.

“आई, नोंद केली नव्हतीस का?”

“केली होती.”

“मग गेली कुठे?”

हे विचारताना ती स्क्रीनकडे बघत होती.

तसं आणखी दोनदा झालं. मी टाकलेलं सापडेना. “टाकायचं राहिलं असेल” असं लेक आधी म्हणाली. मग “तू विसरली असशील”. मग “आई हल्ली विसरते”, आणि हे मला उद्देशून नव्हतं, रंगाऱ्यांना सांगणं होतं. “आईला नका विचारू, मला विचारा.” आमचा एक जुना रंगारी आहे, माझी थट्टा केल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे. “काकू, तुमच्यापेक्षा तुमचा गुलाबी लाजरा आहे,” असलं काहीतरी बोलायचा. तो माझ्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला. “काकू, पांढरा. डबा. आहे का?” मी म्हटलं, “मेल्या, कान शाबूत आहेत माझे.” तो हसला नाही. त्याने लेकीकडे पाहिलं.

एके सकाळी आले तर टेबलावरचा वजनकाटा आणि माझ्या ढवळायच्या काठ्या उंच फळीवर गेल्या होत्या. माझा हात तिथे पोचत नाही.

“तू आता फक्त जुन्या शेड शोधून देत जा,” लेक म्हणाली. “कालवायचं आम्ही यंत्रावर करू. तुला कशाला दगदग?”

मी ‘बरं’ म्हटलं, कारण तोवर मलाच माझा भरवसा वाटेनासा झाला होता. कुलूप लावलं तरी मी परत मागे येऊन ओढून बघायची. बोलताना एखादं नाव ओठांवर अडलं की ते आठवेपर्यंत दुसरं काही सुचायचं नाही. ज्या बाईला गिऱ्हाइकांच्या जिन्यांचे रंग पाठ, ती कालचं विसरते म्हणजे काय झालं असेल? शेवटी मीच लेकीला म्हटलं, “मला कुणाला तरी दाखव.”

तिने मला डॉक्टरांकडे नेलं. दुकानातूनच गेलो, मी पाटीसमोरून उठले ती थेट गाडीत बसले. डॉक्टर तरुण होत्या, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते मी सगळे सांगितले. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, ते काढलं. त्या मान हलवत होत्या. माझा जीव भांड्यात पडत होता.

“आणि आजची तारीख काय, आजी?”

मी तारीख सांगितली. दिवस, महिना, वर्ष, अगदी ठामपणे. वर्ष सांगून झाल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही पाटीवरचे होते.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“नाही, नाही, ती मशीनमधली तारीख,” मी म्हटलं.

“कुठल्या मशीनमधली?”

मी लेकीकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

“आमच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी तारीख असते,” मी म्हटलं. डॉक्टर गोड हसल्या आणि लिहू लागल्या. रात्री एक गोळी, काळजीचं काही नाही, मात्र घरात एकटं ठेवू नका. हे शेवटचं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी बिलाचा प्रिंटर अडला म्हणून कॉम्प्युटरवाला आला. लेक आणि जावई गोदामात गेले होते. तो जमिनीवर बसून प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत होता. मी सहज म्हटलं, “तुझं ते मशीन छान आहे रे, पण माझ्याच्याने नाही होत आता. टाकलेलं विसरायला लागले मी.”

“काय टाकलेलं?”

“नवीन शेड. टाकते आणि मग सापडत नाहीत. म्हणजे टाकतच नसेन.”

त्याने कागद सोडला. “काकू, त्यात नवीन टाकता तुम्ही?”

“मग काय आरती ओवाळते त्याला?”

“अहो, पण ते राहतच नाही त्यात! पहिल्याच दिवशी सांगितलं मी ह्या दोघांना. तो प्रोग्राम नव्या जागी हलवला की थोड्या दिवसांनी परवानगी मागतो आणि परवानगी देणारे, तो लिहिणारे काकांचे मित्र आता नाहीत. म्हणून मी त्याला जुनी तारीख दिली आणि अशी सोय केली, की बंद केलं की तो पहिल्या दिवशी होता तसाच परत होतो. नाहीतर त्याला कळलं असतं आणि तो आडून बसला असता. ते फक्त जुनं बघण्यापुरतं आहे. नवीन सगळं त्यांच्या त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातं की!”

“कुठल्या दुसऱ्या?”

आता तो घुटमळला. “पुढे काउंटरवर आहे ते. तेव्हाच घेतलं ना त्यांनी?”

“म्हणजे मी दिवसभर टाकलेलं रोज संध्याकाळी पुसलं जातं?”

“पुसलं जात नाही, काकू. झालंच नाही, असं होतं.” मग माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, “तुम्हाला सांगितलं नाही कुणी?” आणि प्रिंटर तसाच टाकून वायर गुंडाळायला लागला.

खरं सांगते, आधी मला हसूच आलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी विसरत नव्हते! घाईच्या बाई मी टाकल्या होत्या, काळ्याच्या थेंबांसकट टाकल्या होत्या! हसता हसता मला ती पर्स आठवली. तिच्यात शोधण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढल्यावर मी दोघांना विचारलं. जावई गोरेमोरे झाले. लेक चिडली.

“तू तेव्हा ऐकायला तयार होतीस का? तूच म्हणालीस, घरी बसते. मला वाटलं, तू जुनं बघत बसशील, खूश राहशील. नवीन काही टाकशील हे डोक्यातच आलं नाही.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर कसं सांगायचं होतं? इतके दिवस झाले होते.”

“मला सांगायला सुचत नव्हतं. रंगाऱ्यांना सांगायला बरं सुचलं.”

“आई, चूक झाली आमची,” जावई म्हणाले.

“तुम्ही थांबा. हिला विचारतेय मी. डॉक्टरांकडे तू माझ्या शेजारी होतीस. ती तारीख कुठून आली ते तुला माहीत होतं.”

लेकीने कॅल्क्युलेटर सरळ करून ठेवला. “वर्ष मशीनने नाही सांगितलं आई. तू सांगितलंस.”

“दिवसभर तीच तारीख असते माझ्या डोळ्यांसमोर.”

“रोज सकाळ-संध्याकाळ माझ्याही असते. मी नाही चुकत.”

तेव्हा मला कळलं की ही आता खोटं बोलत नाही. सुरुवातीला बोलली असेल, वेळ मारून न्यायला. पण भिंतीला रंगाचे दोन हात देऊन झाले की खाली काय होतं ते देणाऱ्यालाही दिसत नाही. तिला खरंच वाटत होतं की माझं काहीतरी बिनसलंय. काठ्या ती फळीवरून काढणार नव्हती.

“बरं,” मी म्हटलं. “उद्या डॉक्टरांकडे चल आणि त्यांना मशीनचं सांग. बाकी काही नको. मग त्या म्हणतील ते मला मान्य.”

“जाऊ.”

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. तिसऱ्या दिवशी माल उतरवायचा होता. मग तिला सर्दी झाली. “जाऊ गं आई, डॉक्टर काय पळून चालल्यात?” गोळी मात्र ती रोज स्वतः आणून, पाण्याचा पेला हातात देऊन, मी गिळेपर्यंत उभी राहायची. लहानपणी तिला कडू औषध द्यायला मी अशीच उभी राहायची. तेव्हा ती गालात धरून ठेवायची आणि मला कळायचं. आता मी गालात धरून ठेवायची. तिला कळायचं की नाही, ठाऊक नाही.

शेवटी मी एकटी गेले. दुकानात सांगितलं, जरा पाय मोकळे करून येते. दवाखान्यात नंबर लावला, माझी पाळी आली, आत गेले. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

“डॉक्टर, मला काही झालेलं नाही. तुम्हाला नीट समजावून सांगते. आमच्या लॅपटॉपच्या पोटात दुसरा एक कॉम्प्युटर आहे. तो खरा नाही. त्याच्यात रोज एकच तारीख असते. मी दिवसभर जे काम करते ते संध्याकाळी झालेलंच नसतं. माझ्या लेकीला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण तिने मला सांगितलं नाही.”

बोलताना मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते. अर्ध्यावर आले तेव्हा मलाच ऐकू यायला लागलं, मी काय बोलतेय ते. पण वाक्य दुसरं कुठलं असणार? खरं तेवढंच होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायची असावी, इतक्या मायेने विचारलं, “बरोबर कोण आलंय, आजी?”

“कुणी नाही. मी एकटी आले.” आणि त्यांनी न विचारताच मी आजची तारीख सांगितली. वर्षासकट. बरोबर सांगितली. त्यांनी ती ऐकली असं मला वाटत नाही. त्या कागदावर लेकीचा नंबर शोधत होत्या.

फोन लागला. “हो, इथेच आहेत. नाही, एकट्याच आल्या. त्या म्हणतायत की कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर आहे आणि त्यात...” डॉक्टरांनी माझ्याकडे बघून वाक्य तिथेच सोडलं.

खोली लहान होती. फोनमधून आमचं यंत्र डबा हलवतंय ते मला ऐकू येत होतं. मी टेबलाची कड धरली. लेकीने नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. यंत्र थांबलं. मग तिचा आवाज आला.

“डॉक्टर, तिला तिथेच बसवून ठेवा. मी निघालेच.”

“येतायत त्या,” डॉक्टर म्हणाल्या. “तोवर बाहेर बसा हं आजी. कुठे जाऊ नका.”

मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले. दार समोरच होतं, उघडं होतं, घरचा रस्ताही माहीत होता. पण उठून चालायला लागले असते, तर त्याचंही एक लक्षण झालं असतं. म्हणून बसून राहिले.